सोलापुरात जुन्या वाणाचे गुलाब पार्सलने मागवायचे तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात परत लिहितो. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, घरापुढं २० बाय १५ फुटाची मोकळी जागा, काळी माती, पाणी बोअरचं कारण नळ चार-पाच दिवसांनी येतो. मागच्याच्या मागच्या मे महिन्यात नणंदेकडं अल्मोड्याला गेला होतात, तिथं कुंपणावर लगडलेले गच्च पाकळ्यांचे, वासाचे जुने गुलाब बघितले आणि डोक्यात तेच बसलं. मग मार्चमध्ये उत्तरेतल्या एका नर्सरीतून 'अँटिक' म्हणून चार रोपं कुरिअरनं मागवली. तीन मे संपायच्या आत गेली, चौथं आठ फूट वाढलंय पण आजपर्यंत एक कळी नाही. आता तुम्ही विचारताय की चांगली नर्सरी कुठली आणि सोलापुरात असले गुलाब येतात का.

नर्सरीचं नाव मी सांगत नाही, कारण तुळजापूर रोडला माझी स्वतःची बारकी रोपवाटिका आहे, बावीस वर्षं झाली, मी कुणाचंही नाव घेतलं तर कमिशन खातोय असंच वाटणार. आणि खरं सांगू का, तुमच्या चार रोपांचं जे झालं त्यात नर्सरी दोन नंबरला येते. पहिला प्रश्न तो गुलाब कुठल्या घराण्याचा हा. मुलगी बघायला जाताना आजोळ विचारतात ना, तसं गुलाब मागवताना आजोळ विचारायचं, फोटो नंतर.

'अँटिक' किंवा 'ओल्ड गार्डन' म्हणजे काय तर १८६७ च्या आधी जे गुलाबाचे वर्ग अस्तित्वात होते ते. त्या वर्षी फ्रान्समध्ये गियोनं 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब काढला, तो पहिला हायब्रीड टी (आज फुलवाल्याकडं दिसतात त्या गुलाबांचा वर्ग) मानतात, तिथून पुढचे आधुनिक. यात तारीख वर्गाची बघायची, एकेका जातीची नाही, म्हणून १९०१ चा 'मिसेस बी. आर. कँट' सुद्धा जुन्यात बसतो कारण 'टी' हा वर्गच जुना आहे. उलट डेव्हिड ऑस्टिनचे इंग्लिश गुलाब दिसायला अगदी जुन्या चित्रातल्यासारखे, पण ते १९६१ नंतरचे, आणि आपल्याकडं 'अँटिक' म्हणून निम्म्याहून जास्त वेळा तेच खपवतात. वाईट नाहीत, पण तुम्ही जे मागितलं ते ते नाहीत.

आता या जुन्यांमध्ये दोन घराणी आहेत, आणि सगळा घोळ इथंच होतो. एक घराणं युरोप आणि पश्चिम आशियाकडचं, म्हणजे गॅलिका, दमास्क, अल्बा, सेंटिफोलिया, मॉस. हे वर्षातून एकदाच फुलतात, वसंतात, (शरद दमास्क तेवढा अपवाद), आणि फुलायच्या आधी त्यांना नीट थंडी लागते. झाड झोपलं पाहिजे, पानं झडली पाहिजेत, मग जाग आल्यावर कळ्या. अल्मोड्याला जानेवारीत रात्रीचा पारा शून्याच्या आसपास उतरतो, म्हणून नणंदेच्या कुंपणावर मे महिन्यात तो सोहळा. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री १४-१५, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत एखादी रात्र दहा-बाराला आली तरी लोक कानटोप्या काढतात. त्या थंडीत हे झाड ना धड झोपतं ना धड उठतं.

दुसरं घराणं चीनचं. चायना गुलाब, आणि त्यांच्यापासून पुढं झालेले टी, नॉइझेट, बुर्बन. यांची खुबी अशी की गुलाबात फुलणं अडवून धरणारा एक जनुक असतो, तो या चायना गुलाबात निकामी झालाय. ब्रेकच नाही म्हणा ना. म्हणून फांदी वाढली की टोकाला कळी, परत फांदी, परत कळी, थंडी असो नसो, बारा महिने. अठराव्या शतकाच्या शेवटी हे युरोपात पोचले तेव्हा तिथले माळी वेडे झाले कारण त्यांनी असला न थांबणारा गुलाब बघितलाच नव्हता. फ्रेंच लोक त्याला 'बंगाल गुलाब' म्हणायचे, का तर चीनहून निघालेली जहाजं कलकत्त्याला थांबून पुढं जायची. आणि टी गुलाबाच्या पूर्वजांमध्ये 'रोझा जायगँटिया' आहे, तो आपल्या मणिपूरच्या आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरातला रानगुलाब. म्हणजे बघा, ज्या घराण्याचं निम्मं आजोळ आपल्या बाजूला, ते सोडून आपण बर्फातले पाहुणे सोलापूरच्या मे महिन्यात बोलावतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून नाही आलं. २००६ साली मी पण हौसेनं दोन गॅलिका आणि एक अल्बा आणले होते. पहिल्या वर्षी फूल नाही, म्हटलं लहान आहे. दुसऱ्या वर्षी डाळिंबाचं डोकं चालवलं, आपल्याकडं बागवाले पाणी तोडून ताण देऊन बहार धरतात तसं, ऑक्टोबरात बुडाची माती उकरून मुळं तीन दिवस उघडी ठेवली, पानं गळली, मी खूश. नोव्हेंबरात नवी पालवी आली, झकास, पण नुसती पालवी. तिसऱ्या वर्षीही तेच. आमच्याकडं एक म्हातारे माळी यायचे, अक्कलकोट बाजूचे, ते एक दिवस झाडापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "मालक, हे झाड आजारी नाही ओ, ह्याला झोप येईना झालीय." अगदी तेच होतं. ताण दिल्यानं झाड दमतं, थंडी लागल्यासारखं होत नाही. चायना किंवा साध्या गुलाबाला ताण दिला तर फुलं एकदम येतात हे खरं, पण ते मुळात फुलणारेच असतात, ताणानं नुसती वेळ जुळते.

दमास्कबद्दल जरा वेगळं, कारण तुम्ही म्हणाल कनौजला आणि पुष्करला तर हा शेतात पिकवतात, तिथं उन्हाळा काय कमी असतो का. नसतो. पण तिथला हिवाळा आपल्यापेक्षा कडक, डिसेंबर अखेरीला छाटणी करतात आणि मार्च-एप्रिलमध्ये महिनाभर फुलं घेतात, म्हणूनच त्याला चैती गुलाब म्हणतात. लखनौच्या सीमॅप या सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं 'नूरजहाँ' आणि 'रानीसाहिबा' अशा जाती काढल्यात, मी नूरजहाँ लावून बघितला, आपल्याकडं वर्षाला मोजून पंधरा-वीस फुलं दिली एका झाडानं. वास असा की सकाळी फाटक उघडलं की कळायचं. जागा जास्त असेल तर एक लावा, पण २० बाय १५ मध्ये मी नाही लावणार.

आता हवामानाचं, कारण तुम्ही शेवटी लिहिलंय की रत्नागिरीच्या बहिणीला पण दोन रोपं द्यायचीत. तिथं उत्तर बदलतं बरं का. आपला शत्रू ऊन आणि खारं पाणी, कोकणातला शत्रू दमट हवा. पानांवरचे काळे ठिपके तिथं जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सोडत नाहीत. शिवाय 'सुव्हनिर द ला माल्मेझाँ' (१८४३ चा बुर्बन, फिक्कट गुलाबी, बशीएवढं फूल) सारख्या दाट पाकळ्यांच्या कळ्या दमट हवेत चिकटून बसतात, उघडतच नाहीत, आतल्या आत कुजतात. तोच गुलाब सोलापूरच्या कोरड्या हिवाळ्यात इतका सुंदर उघडतो की मी गिऱ्हाइकाला दाखवायला एक कुंडी मुद्दाम दारात ठेवतो. बहिणीला कमी पाकळ्यांचे चायना द्या. पुण्यात तुलनेनं सगळंच सोपं. महाबळेश्वरला थंडी आपल्यापेक्षा बरी, पण पावसाळ्याचे चार महिने झाड नुसतं पाण्यात भिजत उभं, तिथं छपराखाली कुंडीच बरी. त्यामुळं "माझ्याकडं मस्त आलाय, तू पण लाव" हा सल्ला गुलाबात फार जपून घ्यायचा, मग तो नणंदेचा असो की माझा.

मग सोलापुरात काय लावायचं. माझ्याकडं जे दहा-दहा वर्षं टिकलेत तेवढेच सांगतो. सगळ्यात आधी 'ओल्ड ब्लश', फिका गुलाबी, झुपक्यात येतो, फूल साधंच, पण झाड मरायचं नाव घेत नाही. लाल पाहिजे तर 'क्रॅमोझी सुपेरियर', १८३२ चा, एप्रिलच्या उन्हात फूल बारीक होतं पण येतं. 'म्युटॅबिलिस' एकेरी पाकळ्यांचा आहे, सकाळी पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग किरमिजी, एकाच झाडावर तिन्ही रंग, फुलपाखरं बसल्यासारखं दिसतं, पण पाच-सहा फूट रुंद होतो तेव्हा जागा सोडून लावा. टी मध्ये 'डचेस द ब्राबाँ' (१८५७) घ्या, वाटीसारखं गुलाबी फूल आणि वास. वेल पाहिजे असेल तर पिवळा 'मारेशाल नील', १८६४ चा, थंड मुलखात हा काचघरातच जगायचा, आपल्याला ती कटकट नाही, पण फुलं मान खाली घालून येतात म्हणून कमानीवरच चढवा, खालून बघायला. आणि गंमत म्हणून 'हिरवा गुलाब', तो पण जुना चायनाच, पाकळ्यांच्या जागी हिरव्या पानांसारखं काहीतरी येतं, माझ्या बायकोच्या मते ते फूलच नाही, भाजी आहे.

अजून एक, आणि तो तुम्हाला पार्सलनं मागवायची पण गरज नाही. 'एडवर्ड' गुलाब. हा बुर्बन घराण्याचा, हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावरचा, तेव्हा त्याचं नाव बुर्बन बेट. तिथले लोक शेताच्या कुंपणाला शरद दमास्क आणि ओल्ड ब्लश शेजारी शेजारी लावायचे, त्यांचा आपोआप संकर झाला, १८१७ च्या सुमारास ब्रेऑं नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाच्या नजरेत आला आणि १८१९ मध्ये बिया फ्रान्सला गेल्या, तिथून सगळे बुर्बन. आपल्याकडं हा हारासाठी, पूजेसाठी आणि कलमाचा खुंट (ज्याच्या मुळावर दुसरा गुलाब बांधतात ते झाड) म्हणून शेकडो मैल पसरला आणि नाव विसरून 'गावठी' झाला. प्रत्येक गावठी गुलाब एडवर्ड नसतो हे पण सांगतो. पण गडद गुलाबी, सैलसर, वासाचा, वर्षभर थोडा थोडा फुलणारा गुलाब कुणाच्या परसात न्हाणीघराच्या पाण्यावर वीस वर्षं उभा असेल, तर पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी मागून आणा. अल्मोड्याचा जो वास तुमच्या डोक्यात बसलाय ना, त्याच्या सगळ्यात जवळ हाच जाईल, कारण अर्धं रक्त दमास्कचंच आहे. नर्सरीवाला असून सांगतो, यावर पैसे घालवू नका.

आता खुंटाचं. पार्सलमध्ये येणारा गुलाब एकतर स्वतःच्या मुळावर असतो, म्हणजे छाटकलम, नाहीतर दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरलेला. दोन्हीत चांगलं-वाईट आहे. खुंटावरचं रोप पहिल्या वर्षी जोर करतं, पण खुंट आपल्या मातीला मानवणारा पाहिजे. पूर्वेकडं आणि डोंगराळ भागात मल्टीफ्लोरा नावाच्या रानगुलाबाचा खुंट चालतो, तिथली माती आंबट. आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या पुढं, बोअरचं पाणी तसंच. मल्टीफ्लोरा या मातीत लोह ओढू शकत नाही, पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, लोक म्हणतात खत कमी पडलं आणि अजून खत ओततात. इंडिका ओडोराटाचा खुंट आपल्याकडं जास्त तग धरतो. चायना आणि टी मी स्वतः छाटकलमावरच ठेवतो, पहिलं वर्ष झाड बारकं दिसतं, दोन वर्षांनी बरोबरी करतं, आणि समजा उन्हात वरून वाळलं तरी बुडातून जो फुटवा येतो तो त्याच जातीचा असतो, खुंटाचा नाही. फोनवर नर्सरीला हे दोन प्रश्न विचारा, कशावर आहे आणि रोप किती महिन्याचं आहे. जो माणूस "सब अच्छा है मॅडम" म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. आणि हो, निळ्या, सप्तरंगी गुलाबाच्या बिया विकतात त्या तर बघू सुद्धा नका, बियांपासून गुलाब आईसारखा येतच नाही. परदेशातून परस्पर मागवायचं पण डोक्यातून काढा, त्याला आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र दोन्ही लागतं, त्याशिवाय आलेलं पार्सल अडकतं.

मागवायची वेळ. तुम्ही मार्चमध्ये मागवलं, तिथंच निम्मी बाजी गेली. कोवळी मुळं जमिनीत सरकायला दोन-अडीच महिने लागतात आणि तुम्ही त्याला पाच-सहा आठवडे दिले, मग ४२ चा पारा. सोलापूरसाठी दसऱ्यानंतर ते संक्रांतीपर्यंत, मी तर म्हणतो दिवाळीनंतरचा पहिला आठवडा. नर्सरीला सांगायचं की सोमवारी पाठवा, नाहीतर शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पडतं. पुण्या-बेंगळुरूच्या आतलं असेल तर मला एसटीचं किंवा ट्रॅव्हल्सचं पार्सल बरं वाटतं, रात्री टाकलं की सकाळी स्टँडवर.

पार्सल आल्यावर काय करायचं ते नीट वाचा, कारण माझा अंदाज आहे तुमची तीन रोपं इथं गेली. एका वर्षी मला पण उत्तरेकडून बारा रोपं आली होती, त्यातली सात एप्रिलपर्यंत वाळली. रागानं एक उपटलं. खाली मुठीएवढा मातीचा गोळा, गुळगुळीत, दगडासारखा घट्ट, पाच महिन्यांपूर्वी पोत्याच्या तुकड्यात बांधून आला होता तस्साच. एक मूळ बाहेर आलेलं नाही. फोडला तर आत कोरडा ठाक, आणि बाहेरची माझी माती ओली! काय होतं की तिकडं झाड काढताना मुळाभोवती चिकणमाती थापून गोळा करतात म्हणजे प्रवासात मुळं उघडी पडू नयेत. प्रवासासाठी ते बरोबरच आहे. पण आपण तो गोळा तसाच खड्ड्यात ठेवतो, तो वाळून आवळला की पाणी त्याच्या कडेनं निघून जातं, आत शिरतच नाही. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं.

तेव्हापासून मी असं करतो. पार्सल सावलीत उघडायचं, पानं पिवळी पडून गळाली असतील तर घाबरायचं नाही, नखानं फांदीची साल जराशी खरवडायची, खाली हिरवं दिसलं म्हणजे जीव आहे, तपकिरी असेल तर अजून खाली खरवडत या. मग बादलीत पाणी घेऊन (शक्यतो साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं, बोअरचं नको) गोळ्यासकट तासभर ठेवायचं, चिकणमाती आपोआप सुटते, बोटांनी हलक्या हातानं उरलेली काढायची, मोडकी काळी मुळं कात्रीनं उडवायची. कोकोपीटमध्ये आलेलं रोप असेल तर हे सगळं करायचं नाही, ते तसंच ठेवायचं. लगेच जमिनीत लावायचं नाही, हे तर दोन्हीला लागू. आठ-दहा इंची कुंडीत, निम्मी पोयटा माती, पाव भाग जुनं कुजलेलं शेणखत, पाव भाग भाताचं तूस किंवा जाड वाळू, आणि पंधरा दिवस पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली. महिनाभर खत नाही. कळ्या आल्या तरी खुडायच्या, निदान पहिले दोन-तीन महिने, जिवावर येतं पण खुडायच्या. सावलीतून काढल्यावर ही कुंडी सकाळच्या उन्हात ठेवा आणि पहिला उन्हाळा कुंडीतच काढा, म्हणजे ऊन चढलं की उचलून सावलीत नेता येते. जमिनीत पुढच्या पावसाळ्यानंतर. इथपर्यंत एवढंच लक्षात ठेवा की चिनी घराण्याचं रोप, दिवाळीनंतर, गोळा फोडून, आधी कुंडीत.

जमिनीत लावताना काळ्या मातीत खोल खड्डा करून खत भरू नका, पावसाळ्यात त्याचा हौद होतो. दीड फूट खड्डा, तळाला मुरूम, आणि लावायची जागा आजूबाजूपेक्षा अर्धा फूट उंच, वाफ्यासारखी. पाण्याचं काय करायचं हा खरा सोलापुरी प्रश्न आहे. बोअरच्या पाण्यानं कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसायला लागला की समजायचं क्षार साठलेत, गुलाबाला क्षार अजिबात सोसत नाहीत. मी आठवड्यातून दोनदा बोअरचं आणि नळ येईल त्या दिवशी नळाचं भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत, म्हणजे क्षार धुऊन निघतात. पानं पिवळी पडली तर बाजारातलं साधं चिलेटेड लोह (ईडीटीए) आपल्या मातीत कामाचं नाही, सामू सातच्या वर गेला की ते सुटतं, ईडीडीएचए लिहिलेलं लालसर रंगाचं घ्या, महाग आहे पण चिमूटभर लागतं. जिप्समनं मातीचा सामू उतरेल असं कुणी सांगितलं तर चुनखडीच्या मातीत तसं होत नाही, गंधकानं हळूहळू थोडा उतरतो.

उन्हाळ्यात मार्चच्या मध्यापासून दुपारच्या उन्हाला शेडनेट, बुडाला उसाचं पाचट चार बोटं जाड, ते आपल्या जिल्ह्यात फुकट मिळतं, आणि पाणी पहाटे. पानाच्या मागं बारीक जाळी आणि लालसर ठिपके दिसले की लाल कोळी, औषधाच्या आधी दोन-तीन दिवस सकाळी पाइपानं पानं खालून जोरात धुऊन बघा. मे महिन्यात फूल बारीक, पाकळ्या करपलेल्या, असं होणारच, त्यावरून झाड खराब म्हणू नका. सप्टेंबरचा पाऊस पडला की ते परत जागेवर येतं.

छाटणीबद्दल एकच सांगतो कारण इथं मी स्वतः हात पोळून घेतलाय. आपले माळी हायब्रीड टी छाटतात तसं कोजागिरीच्या आसपास सगळं गुडघ्याएवढं उडवतात. माझ्या गैरहजेरीत आठ वर्षांचा एक टी गुलाब असाच छाटला, पुढच्या उन्हाळ्यात तो वरून वाळत वाळत बुडापर्यंत गेला. टी आणि चायना आपलं अन्न जुन्या लाकडात साठवून ठेवतात. वाळकं काढा, आडव्या-तिडव्या फांद्या काढा, वरून फार तर एक चतुर्थांश, बस. माळी आला की त्या दिवशी सुट्टी टाका.

राहिलं तुमचं चौथं झाड. ते उपटू नका, आधी ओळखा. जमिनीलगत माती बाजूला करून बघा, खोडाला जिथं कलमाची गाठ आहे तिच्या वरून ह्या आठ फुटी काठ्या निघाल्यात की खालून. सात पानं म्हणजे रानटी आणि पाच म्हणजे चांगला, असं जे सांगतात त्यावर जाऊ नका, बऱ्याच जुन्या गुलाबांना सात पानंच असतात. काठ्या खालून निघाल्या असतील तर वरचा गुलाब कधीच गेलाय आणि तुम्ही एवढे दिवस खुंटाला पाणी घालताय. काठीला काटे जवळजवळ नसतील आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी बारीक पांढऱ्या फुलांचे झुपके आले तर तो मल्टीफ्लोरा. वाईट वाटून घेऊ नका, जिवंत खुंट आहे, जानेवारीत शेजारच्या एखाद्या चांगल्या गुलाबाचा डोळा त्यावर भरायला शिका, चुकलं तरी नुकसान काही नाही.

पण काठ्या गाठीच्या वरून निघाल्या असतील, पानं खरखरीत, बिनचमकीची, आणि खोडावर बारीक केसासारखे काटे असतील, तर तो गॅलिका किंवा त्याच्या जवळपासचा आहे, तुमची नर्सरी त्या एका झाडापुरती तरी खरं बोलली. मग जानेवारीत पाणी तोडा, आठवड्याभरानं फांद्या फुटभर ठेवून बाकी छाटा (यंदा फुलायचाच नाहीये, त्यामुळं चालतं), झाड मुळासकट काढा, मुळं धुवा, ओल्या कोकोपीटमध्ये गुंडाळा, त्यावर प्लास्टिक आणि वर वर्तमानपत्र, टोकं उघडी ठेवून खोक्यात आडवं बांधा आणि सोमवारी अल्मोड्याला पाठवून द्या. नणंदेला सांगा, पहिल्या मे महिन्यात वाट बघू नका, दुसऱ्या मेमध्ये फोटो पाठवा म्हणावं.